यादी कोणाच्या भरवशावर?

प्ले स्टोअरवर ‘टू-डू’ एवढं टाकून शोधलं की निळ्या-हिरव्या बरोबरच्या खुणांची रांगच्या रांग समोर येते. प्रत्येकाला साडेचारच्या वर तारे आणि प्रत्येकाच्या जाहिरातीत तोच हसरा माणूस. लोक मग तुलनेचे तक्ते वाचायला बसतात: कोणात टॅग आहेत, कोणात फिल्टर, कोणात पार्श्वभूमीला डोंगराचं चित्र लावता येतं. हे तक्ते फार उपयोगाचे नाहीत असं माझं मत आहे. आपण डोक्यातलं काम काढून फोनमध्ये ठेवतो ते डोक्याला विसरण्याची मुभा मिळावी म्हणून. त्यामुळे निवडीचा मुद्दा सोयींच्या संख्येचा नाही, भरवशाचा आहे. ॲप वेळेवर आठवण देतं का? कंपनीने गाशा गुंडाळला तर यादी हाती येते का? या दोन परीक्षांत नापास झालेल्या ॲपचं बाकीचं रूप कशाला बघायचं?

गाशा गुंडाळण्याचा मुद्दा काल्पनिक नाही. या क्षेत्रातलं सर्वांत लाडकं नाव म्हणजे वंडरलिस्ट. बर्लिनच्या एका छोट्या कंपनीने ते २०१० साली आणलं. दिसायला देखणं, वापरायला सोपं, घरच्या किराण्याच्या यादीपासून ऑफिसच्या कामापर्यंत चालणारं. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली, शेजारी स्वतःचं ‘टू डू’ उभं केलं आणि ६ मे २०२० रोजी वंडरलिस्ट बंद केलं. संस्थापक क्रिस्टियन रेबर यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे ते परत विकत घ्यायची तयारी दाखवली होती, पण तो सौदा झाला नाही. त्याआधी अँड्रॉइडवर ॲस्ट्रिड नावाचं ॲप जोरात होतं. याहूने ते २०१३ मध्ये घेतलं आणि त्याच वर्षी बंद केलं. मात्र ॲस्ट्रिडचा कोड खुला होता. कंपनी गेली तरी तो कोड कोणाला पुसता आला नाही. त्याच्यावरच पुढे टास्क्स डॉट ऑर्ग उभं राहिलं आणि ते आजही चालू आहे.

म्हणून ॲप बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात ‘एक्सपोर्ट’ किंवा ‘बॅकअप’चं बटण कुठे आहे ते शोधावं आणि एकदा दाबून पाहावं. टूडूइस्ट आणि टिकटिक सीएसव्ही फाइल देतात, गूगल टास्क्समधला मजकूर गूगलच्या ‘टेकआउट’मधून निघतो. मराठीत यादी लिहिणाऱ्यांनी इथे एक करावं. ती सीएसव्ही फाइल नुसती डबलक्लिक करून एक्सेलमध्ये उघडली तर पुष्कळदा ‘दळण’ आणि ‘वीजबिल’च्या जागी à¤ सारखा कचरा दिसतो. यादी गेली असं वाटून घाबरायचं कारण नाही. एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूतून फाइल आत घ्यावी, यूटीएफ-८ निवडावं, अक्षरं जागेवर येतात.

टिकण्याचा संबंध पैशाशी असतो. टूडूइस्ट २००७ पासून आहे, अमीर सालिहेफेंडिच यांनी ते एकट्याने सुरू केलं आणि आजही त्यांची डूइस्ट ही कंपनी वापरणाऱ्यांच्या वर्गणीवर चालते. ‘थिंग्ज’ हे जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या कल्चर्ड कोडचं. मॅकवरची पहिली पूर्ण आवृत्ती २००९ची, तिसरी २०१७ची. एकदाच पैसे भरायचे, वर्गणी नाही. पण आयफोनचं वेगळं, आयपॅडचं वेगळं, मॅकचं वेगळं, अमेरिकेतल्या किमतीने अनुक्रमे ९.९९, १९.९९ आणि ४९.९९ डॉलर. अँड्रॉइडवर ते नाहीच. या दोन्ही कंपन्यांचं पोट यादीवर चालतं, त्यामुळे यादीची त्यांना काळजी असते. गूगल आणि मायक्रोसॉफ्टचं ॲप फुकट आहे, कारण त्यांचं पोट दुसरीकडे भरतं. त्याचा तोटा म्हणजे सुधारणा गोगलगायीच्या गतीने होतात. फायदा असा की जीमेल आणि आउटलुक जोवर आहेत तोवर ही यादीही राहील असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. बंद केलीच तरी ती दुसऱ्या कुठल्या तरी नावाखाली सरकवतात. फुकट म्हणजे वाईट, हे इथे लागू नाही.

आता वाजण्याचं. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन असतो आणि ‘ॲपने आठवणच दिली नाही’ ही तक्रारही बहुधा त्यावरचीच असते. दोष ॲपचा असेलच असं नाही. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइडने २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून ‘डोझ’ आणलं. फोन चार्जरला नाही, स्क्रीन बंद आहे, हालचाल नाही, असं झालं की तो मागे चाललेली कामं थांबवून ठेवतो आणि मधूनमधूनच करू देतो. तेराव्या आवृत्तीपासून नोटिफिकेशन दाखवायलाही ॲपला परवानगी मागावी लागते. आपण घाईत ‘नको’ म्हटलं की संपलं. चौदाव्या आवृत्तीत ठरावीक मिनिटाला वाजण्याची परवानगी नव्याने बसवलेल्या बहुतेक ॲपना आपोआप मिळत नाही. शिवाय अनेक कंपन्यांच्या, विशेषतः चिनी कंपन्यांच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ नावाचा स्वतंत्र खटका असतो आणि तो बंद असला की ॲप रात्रीतून गारद होतं.

तेव्हा कुठलंही ॲप घेतलं तरी सेटिंग्जमध्ये चार ठिकाणी जावं लागतं. नोटिफिकेशन चालू करायचं. बॅटरीच्या पानावर ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडायचं. ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’मध्ये ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’खाली त्या ॲपचं नाव चालू करायचं. ऑटोस्टार्ट असेल तर तोही. मग परीक्षा घ्यायची. झोपताना फोन चार्जरवरून काढून टेबलावर ठेवायचा आणि पहाटे पाच-साडेपाचची आठवण लावायची. वेळेवर आली तर ॲप पास, आणि साडेसातला फोन उचलल्यावर आली तर ते ॲप त्या फोनवर तरी औषधाच्या गोळ्यांसाठी वापरू नये, त्याला गजरच बरा. एकदाच ‘टिंग’ होऊन आठवण निसटू नये असं वाटत असेल तर टिकटिकमध्ये आणि टास्क्स डॉट ऑर्गमध्ये बंद करेपर्यंत वाजत राहण्याची सोय आहे. आयफोनवर ही सेटिंग्जची यातायात फारशी नाही, आणि त्याच्यातलं स्वतःचं ‘रिमाइंडर्स’ २०१९ मध्ये नव्याने बांधल्यापासून इतकं सुधारलं आहे की आयफोनवाल्याने दुसरीकडे जाण्याआधी ते महिनाभर वापरून पाहावं.

तुलनेच्या तक्त्यात ‘रिपीट: आहे’ एवढं लिहून जी गोष्ट उरकतात ती माझ्या मते सर्वांत तपशिलाने बघण्यासारखी आहे. परत परत येणारी कामं दोन जातींची असतात. घराच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. तुम्ही मागचा कधी भरला याच्याशी पुढच्याचा संबंध नाही. पाण्याच्या फिल्टरची कँडल बदलायची ती मात्र मागच्या वेळी बदलल्यापासून सहा महिन्यांनी. जानेवारीत बदलायची ती तुम्ही मार्चमध्ये बदलली तर पुढची पाळी जुलैत नव्हे, सप्टेंबरात यायला हवी. टूडूइस्टमध्ये हा भेद एका उद्गारचिन्हाचा आहे: ‘एव्हरी’ लिहिलं तर तारखेपासून मोजतं, ‘एव्हरी!’ लिहिलं तर काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून. थिंग्ज, टिकटिक आणि टास्क्स डॉट ऑर्ग यांतही दोन्ही पर्याय आहेत. गूगल टास्क्स आणि मायक्रोसॉफ्ट टू डू तारीखच धरून चालतात. गाडीची सर्व्हिसिंग, पंख्यांची सफाई, दातांची तपासणी, अशी दुसऱ्या जातीची कामं ज्याच्या घरी जास्त, त्याने फुकटच्या या दोघांवर फार विसंबू नये.

तिसरी जात आपली: तिथीची. वडिलांचं वर्षश्राद्ध, संकष्टी, कुळाचार. चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे ‘दर एकोणतीस दिवसांनी’ असं लावलं तर दोन-तीन महिन्यांतच गणित चुकतं. त्यात २०२३ सारखा अधिक श्रावण आला की वार्षिक तिथीही पार सरकते. या लेखातल्या एकाही ॲपला तिथीने परत येणारं काम लावता येत नाही. उपाय जुनाच: नवं कालनिर्णय घरात आलं की वर्षभराच्या तारखा एका बैठकीत फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकायच्या. १९७३ पासून घरोघरी टांगलेल्या त्या कॅलेंडरचं एक बळ ॲपना अजून जमलेलं नाही, हेही जाता जाता म्हणायला हवं. दूध कोणत्या दिवशी आलं नाही, बाई कधी खाडा करून गेली, सिलिंडर कधी लावला, हे चौकटीत ज्याच्या हाताला पेन लागेल तो लिहितो. त्याला ना लॉगिन, ना पासवर्ड.

भाषेचं काय? मराठीत कामं लिहायला सगळीच ॲप चालतात. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठी बोलून टाइप करण्याची सोय आणली तेव्हापासून भाजीवाल्यासमोर उभं राहूनही यादीत भर घालता येते. मात्र टूडूइस्टचं जे वैशिष्ट्य, म्हणजे वाक्यातूनच तारीख ओळखणं, ते मराठीला मिळालेलं नाही. ‘टुमॉरो ५ पीएम’ इंग्रजीत लिहिलं की ते तारीख लावतं. ‘उद्या संध्याकाळी ५’ हे त्याच्या लेखी कामाचं नाव. पुष्कळ जण म्हणून काम मराठीत आणि शेपटीला तारीख इंग्रजीत असं लिहितात, आणि ते चालतं. पण ‘परवा’, ‘दर गुरुवारी’, ‘पौर्णिमेच्या आत’ असं बोलणाऱ्या आजीला हे ॲप देऊ नये.

खासगीपणाबद्दल दोनच वाक्यं. टूडूइस्ट, टिकटिक, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांच्यात यादी कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि तिची किल्लीही कंपनीकडे असते, तेव्हा ‘बँकेचा पासवर्ड बदलणे’ हे काम लिहावं, पासवर्ड लिहू नये. ज्याला काहीच बाहेर जायला नको त्याने टास्क्स डॉट ऑर्ग कुठलंही खातं न जोडता फोनपुरतं वापरावं.

ॲप चांगलं असूनही याद्या मरतात. कारण बहुधा लिहिण्यात असतं. डेव्हिड अॅलन यांचं ‘गेटिंग थिंग्ज डन’ हे पुस्तक २००१ साली आलं आणि आजच्या बहुतेक ॲपच्या रचनेत ते मुरलेलं आहे. ‘इनबॉक्स’, ‘समडे’ ही खणांची नावं तिथलीच. त्यातली मला सर्वांत कामाची वाटलेली गोष्ट म्हणजे पुढची प्रत्यक्ष कृती लिहायची. ‘मुलीचा पासपोर्ट’ हे यादीत महिनोन्‌महिने पडून राहतं, कारण ते वाचून हात कुठे घालायचा ते कळत नाही. ‘जन्मदाखल्याच्या दोन झेरॉक्स काढणे’ हे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाता येईल असं काम आहे. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये असा निष्कर्ष मांडला होता की अर्धवट राहिलेलं काम पूर्ण झालेल्यापेक्षा जास्त लक्षात राहतं. तो पुढच्या सगळ्या प्रयोगांत टिकला नाही. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या अभ्यासाने मात्र दाखवलं की अपुरं काम मनात टोचत राहतं ते त्याची नेमकी योजना ठरेपर्यंत. योजना ठरली की काम व्हायच्या आधीच टोचणी कमी होते. ॲपने मन हलकं होतं असं लोक म्हणतात त्याचं हे एक स्पष्टीकरण मानायला हरकत नाही, अट एवढीच की आत नेमकं काहीतरी लिहिलेलं असावं.

दुसरं कारण तारखांचं. माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो. मानसशास्त्रज्ञ काहनेमन आणि ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये याला नाव दिलं. १९९४ च्या एका कॅनेडियन अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी ३३.९ दिवसांत होईल असा अंदाज दिला, प्रत्यक्षात लागले ५५.५. याच सवयीने आपण सगळ्या कामांना तारखा चिकटवतो आणि पंधरा दिवसांत ॲप उघडलं की लाल अक्षरांत ‘ओव्हरड्यू’चा ढीग दिसतो. तो बघवत नाही म्हणून ॲप उघडणंच बंद होतं आणि महिन्याभराने माणूस नवं ॲप शोधायला लागतो. मायक्रोसॉफ्ट टू डूचं ‘माय डे’ या बाबतीत शहाणं आहे. ते रोज मध्यरात्री रिकामं होतं. कालचं राहिलेलं काम मूळ यादीत असतंच, पण आज ते करायचं की नाही हे सकाळी पुन्हा ठरवावं लागतं. ज्या कामाला खरोखर शेवटची तारीख आहे त्यालाच तारीख, असा नेम ठेवला तर कुठलंही ॲप लाल होत नाही.

तर मग एकट्या माणसाने काय घ्यावं? अँड्रॉइड असेल आणि दिवसाला पाच-दहा कामं असतील तर गूगल टास्क्स पुरे. मेलमधूनच काम यादीत टाकता येतं, वेळ लावली तर कॅलेंडरमध्ये दिसतं, शिकायला काही नाही. ऑफिसात आउटलुक असेल तर मायक्रोसॉफ्ट टू डू त्याहून सरस. कामाच्या आत पायऱ्या लिहिता येतात आणि यादी दुसऱ्याला देताही येते. गूगल टास्क्समध्ये स्वतःची यादी घरच्यांबरोबर वापरता येत नाही, ही त्यातली मोठी उणीव. किराण्यासाठी गूगल कीप घ्यावं, त्यात ती सोय आहे. टूडूइस्टचे पैसे भरावेत ते रोज पुष्कळ कामं वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्याने: वकील, आर्किटेक्ट, संपादक. फुकटच्या पातळीवर तिथे पाचच प्रोजेक्ट मिळतात आणि असा माणूस ती मर्यादा लवकरच ओलांडतो. टिकटिकमध्ये कॅलेंडर, सवयींची नोंद आणि पंचवीस मिनिटांचं पोमोदोरो घड्याळ एकत्र आहे. अभ्यास करणाऱ्या मुलांना ते आवडतं, मला जरा गजबजलेलं वाटतं. थिंग्ज सर्वांत देखणं, पण ते एकट्याचंच. त्यात कोणाला सामील करून घेता येत नाही.

अनेकांनी मिळून करायचं काम आलं की प्रश्नच बदलतो. गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा घ्या. ती ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी जावी लागते. सभा २७ तारखेला ठरली तर नोटीस १२ सप्टेंबरला सभासदांच्या हातात हवी. नोटिशीसोबत हिशेब जायचे म्हणजे त्याआधी ऑडिट रिपोर्ट, त्याआधी कमिटीची मंजुरी. हे साध्या टू-डू ॲपमध्ये लिहिता येतं, पण हॉल मिळाला नाही म्हणून सभा २० वर आली की बाकीच्या तारखा आपोआप मागे सरकत नाहीत. एकेक उघडून बदलाव्या लागतात आणि एखादी हमखास राहते. एका कामावर दुसरं अवलंबून आहे हे ज्याला कळतं असं साधन लागतं: आसना, किंवा चेन्नईच्या झोहोचं झोहो प्रोजेक्ट्स. पण अशी साधनं फोनच्या पडद्यावर गुदमरतात. आडवा पसरलेला तक्ता सहा इंचांत बघणं म्हणजे शिक्षाच. आराखडा संगणकावर करावा आणि फोन फक्त ‘झालं’ म्हणायला वापरावा.

ज्यांना तारखांपेक्षा कोणतं काम कोणाकडे अडलंय हे बघायचं असतं त्यांच्यासाठी ट्रेलो. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी जी कानबान पद्धत बसवली तिचंच हे पडद्यावरचं रूप: ‘करायचंय’, ‘चालू’, ‘झालं’ असे उभे रकाने आणि त्यांतून सरकणारी कार्डं. २०११ मध्ये निघालेलं ट्रेलो ॲटलासियनने २०१७ मध्ये ४२.५ कोटी डॉलरला घेतलं. तरी ते बंद पडलं नाही, हे या धंद्यात अपवाद म्हणून सांगण्यासारखं. लग्नघर, नाटकाची तालीम, गणेशोत्सवाचं मंडळ, इमारतीची रंगरंगोटी, सगळ्यांना ते जमतं. ‘टाकीची सफाई’ हे कार्ड उघडलं की आत तीन कोटेशनचे फोटो, कोणी फोन केला, काय भाव सांगितला हे सगळं एकाखाली एक. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हीच माहिती शुभ सकाळच्या फुलांमध्ये शोधावी लागते.

अडचणी दोन आहेत. फुकटच्या पातळीवर ट्रेलोच्या एका वर्कस्पेसमध्ये दहाच जण बसतात, आणि अकरा जणांची कमिटी असली की एक जण बाहेर राहतो. तो बहुधा ज्येष्ठ सभासद असतो आणि त्याला तसंही कागदावरच हवं असतं, त्यामुळे हे निभतं. दुसरी अडचण खरी. बोर्ड उत्साही सेक्रेटरीच्या स्वतःच्या जीमेलवरून उघडलेला असतो. पाच वर्षांनी कमिटी बदलते, किंवा त्याआधीच सेक्रेटरी फ्लॅट विकून दुसरीकडे जातात, आणि लिफ्टच्या करारापासून गळतीच्या तक्रारींपर्यंत सगळा इतिहास त्यांच्या खात्याबरोबर जातो. बोर्ड सोसायटीच्या नावाच्या मेलवर उघडावा, त्या मेलला सेक्रेटरी आणि खजिनदार असे दोघांचे फोन नंबर जोडावेत, आणि पासवर्ड सोसायटीच्या दप्तरात पाकिटात ठेवून पाकिटाची नोंद कमिटीच्या इतिवृत्तात करावी.